ह्यात तसलं काय न्हाई न्हवं?

आत्यांनी ती पुडी हातात घेतली, उलटसुलट केली, आतल्या रंगीत अस्वलांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ह्यात तसलं काय न्हाई न्हवं?"

मी गॅसपाशी होते. मान वळवून म्हणाले, "नाही हो आत्या. फळांच्या रसाच्या गोळ्या आहेत त्या."

त्यांनी एक लाल अस्वल तोंडात टाकलं. सात वर्षांचा नातू समोर बसून त्यांचं चावणं बघत होता. आग्रह त्याचाच होता. गेल्या हिवाळ्यातली, लखनौ छावणीतल्या आमच्या सरकारी क्वार्टरमधली ही गोष्ट. माझे यजमान सेनेच्या वैद्यकीय सेवेत आहेत. त्या सेवेचं प्रशिक्षण केंद्र लखनौ छावणीत असल्यामुळे महाराष्ट्रातली कितीतरी पोरं इथे येतात, शिकतात आणि पुढच्या पोस्टिंगवर जातात. आम्हीही तसेच आलो. थंडी सुरू झाली तशा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, माणदेशातून नातवाकडे राहायला आल्या. त्याच सुमारास यजमानांचे एक चुलतभाऊ जर्मनीहून आले होते. पुडी त्यांनी आणलेली.

रात्री भांडी आवरताना ती रिकामी पुडी हातात आली. मागच्या बाजूला जर्मन भाषेतली बारीक अक्षरं. त्यांतला एकच शब्द मला वाचता आला, कारण तो सगळीकडे जवळपास सारखाच आहे: गेलाटिने. म्हणजे जिलेटिन. जर्मनीत अशा गोळ्यांमधलं जिलेटिन बहुधा डुकराच्या कातडीचं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण जिलेटिन झाडाला लागत नाही, एवढं माहीत होतं.

आत्या माळकरी आहेत. दिवाळी अंकाच्या वाचकाला माळ म्हणजे काय हे सांगायला नको, तरी एक गोष्ट सांगते. आमच्या घरात मटण शिजतं. गावच्या जत्रेला तर शिजतंच. आत्यांनी लग्नानंतर, दोन मुलं झाल्यावर, स्वतःहून पंढरीला जाऊन तुळशीची माळ घातली. त्या दिवसापासून त्यांची वेगळी चूल, वेगळा तवा, वेगळा तांब्या. जन्मानं आलेला हा शाकाहार नव्हे. त्यांनी तो घेतलेला आहे आणि चाळीस वर्षं रोज पाळलेला आहे. घरातल्या कुणाला त्यांनी मटण खाऊ नका म्हटलं नाही. आपल्या ताटात काय येतं ते मात्र प्रत्येक वेळी विचारलं.

सकाळी मी त्यांना खरं सांगितलं. त्या उठल्या, चूळ भरली, आंघोळ केली आणि हरिपाठ घेऊन बसल्या. रागावल्या नाहीत. दुपारी गव्हातले खडे काढताना एवढंच म्हणाल्या, "तुला ठावं न्हवतं, ते खरं. पर कुणी इचारलं तर बघून सांगायचं असतंय."

हा लेख त्या वाक्यातून आला आहे. त्या दिवसापासून मी गोड पदार्थांच्या पुड्या उलट्या करून वाचायला लागले, हलवायांना विचारायला लागले आणि जे कळलं ते वहीत लिहायला लागले.

जिलेटिन कसं करतात ते आधी सांगते, कारण बहुतेकांना त्याची कल्पना नसते. गुरांची हाडं फोडून, धुऊन, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात. हाडातला चुन्याचा भाग विरघळून जातो आणि मऊ, लवचिक सांगाडा उरतो. त्याला ओसीन म्हणतात. ते ओसीन कित्येक आठवडे चुन्याच्या निवळीत मुरतं. मग गरम पाण्यात त्याचा अर्क उतरवतात, गाळतात, आटवतात, वाळवतात. डुकराच्या कातडीचं करायचं तर चुन्याऐवजी आम्ल वापरतात आणि वेळ कमी लागतो. शेवटी हाती येते ती फिकट पिवळी, बिनवासाची, बिनचवीची पूड. तिच्यात प्राण्याची म्हणावी अशी एकही खूण उरलेली नसते. नाकाला, जिभेला, डोळ्याला ती सापडत नाही. माझ्या आजीच्या काळात काय खाऊ नये हे वासावरून कळायचं. इथे फक्त छापलेल्या अक्षरावरून कळतं.

कारखानदाराला जिलेटिनच का हवं असतं, याचं उत्तर आपल्या तोंडातच आहे. जिलेटिनची जेली साधारण पस्तीस अंशांच्या आसपास विरघळते, म्हणजे तोंडाच्या उबेत. आधी चिवट लागते आणि मग जिभेवर पाझरते. समुद्री शेवाळापासून केलेलं अगर-अगर, ज्याला आपल्याकडे चायना ग्रास म्हणतात, ते एकदा थिजलं की पंचाऐंशी अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणून चायना ग्रासची जेली तोंडात चिरली जाते, विरघळत नाही. लिंबाच्या आणि संत्र्याच्या सालीतलं पेक्टिन साखर आणि आंबटपणा मिळाला की छान थिजतं, पण ओढलं तर तुटतं. मक्याच्या स्टार्चची गोळी दाताला चिकटते. ही तिन्ही पूर्ण वनस्पतिज आहेत आणि आता भारतात मिळणाऱ्या बऱ्याच गमी गोळ्यांवर पेक्टिन किंवा स्टार्चचं नाव वाचायला मिळतं. मुलाला फरक कळतो का? माझ्या मुलाला कळला. तो म्हणाला, ही लवकर तुटते. आणि दुसरी खाल्ली.

खरं तर चिवट गोडाची हौस आपल्याला नवी नाही. माहीमचा हलवा काय आहे? कागदामधल्या त्या पातळ वड्या आणि कराची हलव्याचे ते काचेसारखे तुकडे, दोन्हींचा चिवटपणा धान्याच्या सत्त्वाचा. साखर, सत्त्व, तूप आणि तासन्तास ढवळणारा हात. मी आत्यांना इथल्या सदर बाजारातून कराची हलवा आणून दिला तेव्हा त्यांनी दोन बोटांत धरून तो दाबून पाहिला. "ह्यो बी तसाच हालतोय की," म्हणाल्या. मग मी घरी केला, त्यांच्यासमोर. कॉर्नफ्लॉअर पाण्यात कालवून पाकात सोडलं, वरून तूप. तो त्यांनी खाल्ला.

मार्शमेलोची गोष्ट याहून विलक्षण आहे, आणि ती मला लखनौमध्येच उलगडली. हे नाव मुळात एका झाडाचं आहे. युरोपातल्या दलदलीत वाढणारी ही वनस्पती, शास्त्रीय नाव अल्थिया ऑफिशिनॅलिस. तिच्या मुळांत बुळबुळीत चिकट द्रव असतो. घसा बसला की तो देत असत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या मिठाईवाल्यांनी तो साखर आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकाबरोबर घुसळून फुगवला. पुढे कारखान्यांनी मुळाचा रस टाकून दिला आणि त्या जागी जिलेटिन घातलं. नाव झाडाचं राहिलं, आत हाडं आली. हीच वनस्पती युनानी वैद्यकात खत्मी म्हणून ओळखली जाते आणि तिच्या मुळाला रेशा-ए-खत्मी म्हणतात. लखनौ हे युनानीचं मोठं घर. झवाई टोल्याच्या हकिमांच्या घराण्यानं १९०२ साली इथे तक्मील-उत-तिब महाविद्यालय काढलं. जुन्या शहरातल्या अत्तारांकडे हे मूळ आजही खोकल्यासाठी मागितलं जातं. मी ते आणलं, रात्रभर भिजत घातलं. सकाळी पाणी भेंडीच्या पाण्यासारखं तारेचं झालं होतं. ज्या मिठाईत मुळाचा एक थेंबही राहिलेला नाही, तिचं मूळ मी हातात धरलेलं होतं.

त्याच शहरात, त्याच थंडीत, चौकातल्या गोल दरवाजाजवळ पहाटे मख्खन मलाई विकायला बसतात. निमिष हे तिचं दुसरं नाव. सायीचं दूध रात्री उघड्यावर दवात ठेवायचं आणि भल्या पहाटे घुसळून त्याचा फेस वरच्यावर काढून घ्यायचा. केशर, पिस्ते, थोडी साखर. जिभेवर ठेवली की काही उरत नाही. फेस हा फेसच असतो. मार्शमेलोत त्याला जिलेटिन धरून ठेवतं, निमिषमध्ये थंडी. ऊन वर आलं की विकणाऱ्याची परात खाली बसते, म्हणून ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच मिळते आणि सकाळीच मिळते. आत्यांना मी पहाटे रिक्षानं नेलं होतं. त्यांनी द्रोण हातात घेऊन विकणाऱ्याला मराठीतच विचारलं, नुसत्या दुधाचं ना? त्याला प्रश्न कळला. त्यानं परातीवरचं मलमल उचलून खालचं दुधाचं भांडं दाखवलं. उत्तर असं असावं, असं मला वाटतं.

छावणीत राहून 'तोंडात काय गेलं' हा प्रश्न मनात घोळवला की १८५७ आठवल्यावाचून राहत नाही. त्या वेळची लखनौ छावणी आजच्या जागी नव्हती. गोमतीच्या उत्तरेला मडियांवला होती. दिलकुशाच्या बाजूची आजची छावणी उठावानंतरची. एन्फिल्ड रायफलीचं काडतूस दातांनी फोडायचं आणि त्याच्या कागदाला गाईची आणि डुकराची चरबी लावलेली आहे, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. पुढचा भाग आपण विसरतो. जानेवारी १८५७ मध्येच सरकारनं हुकूम काढला होता की काडतुसं चरबीशिवाय द्यावीत आणि शिपायांनी आपल्याला चालेल ते वंगण स्वतः लावावं. तोपर्यंत उशीर झाला होता. आता शंका कागदावरच होती. त्याची चकाकी कशाची, असं शिपाई विचारू लागले. मे महिन्याच्या सुरुवातीला लखनौजवळच्या सातव्या अवध इर्रेग्युलर पलटणीनं काडतुसं घ्यायला नकार दिला आणि इंग्रज अधिकारी हेन्री लॉरेन्सनं तिची हत्यारं काढून घेतली. ३० मेच्या रात्री मडियांवच्या छावणीत उठाव झाला. उठावाची कारणं पुष्कळ होती, राज्य खालसा झाल्याचा संताप होता, पगाराचे आणि मानाचे प्रश्न होते. पण ठिणगी पडली ती तोंडापाशी. आणि विचारल्यावर वेळेवर, बघून, खरं उत्तर न देणाऱ्याचा खुलासा नंतर कुणी ऐकला नाही.

स्वदेशीच्या चळवळीत, १९०५ नंतर, हाच प्रश्न साखरेबाबत उठला. परदेशी साखर हाडांनी शुद्ध करतात, असं सांगून ती टाकायला लावली जाई. त्या प्रचारात अतिशयोक्ती होती, पण मुळाशी तथ्यही होतं. युरोपातल्या रिफायनऱ्या जळलेल्या हाडांच्या कोळशातून साखरेचा रस गाळत, रंग उडावा म्हणून. हाड साखरेत राहत नसे. साखर हाडातून गेलेली असे. आपल्याकडचे कारखाने साधारणपणे चुना आणि गंधकाच्या धुरानं रस निवळतात. आपल्या साध्या साखरेबद्दल माळकऱ्याला काळजीचं कारण नाही. पण 'पदार्थात आहे' आणि 'पदार्थ त्यातून गेला आहे' यांतला फरक लक्षात ठेवावा. वर्खापाशी तो पुन्हा येणार आहे.

आता हिरवा ठिपका. हिरव्या चौकटीतला हिरवा गोल आपल्या इतका सवयीचा झाला आहे की तो पूर्वी नव्हता हे विसरायला होतं. भेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती होऊन मांसाहारी खाद्यपदार्थांवर तपकिरी खूण सक्तीची झाली ती ऑक्टोबर २००१ मध्ये. शाकाहारीवर हिरवी खूण जून २००२ पासून. या खुणांसाठी ज्यांनी पाठपुरावा केला त्यांत पुण्याच्या 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' या संस्थेचं नाव आदरानं घ्यायला हवं. १९७४ पासून ही संस्था वस्तूंच्या आत दडलेले प्राणी शोधून लोकांना सांगत आली आहे. जगात इतरत्र बहुतेक ठिकाणी अशी खूण कंपनीच्या मर्जीवर असते. युरोपात ती सक्तीची नाही. म्हणून तर त्या जर्मन पुडीवर एका नजरेत कळेल अशी खूण नव्हती. आपल्याकडे ती आहे, ही मोठी गोष्ट आहे आणि मी ती मनापासून मानते.

२०२० च्या लेबलिंगच्या नियमांनी मांसाहारी खुणेतल्या गोलाचा त्रिकोण केला, कारण रंगांधळ्या माणसाला हिरवा आणि तपकिरी गोल सारखेच दिसतात. चांगला बदल. त्याच नियमांतली व्याख्या मात्र सावकाश वाचण्यासारखी आहे. प्राणी, पक्षी, कीटक, मासे, अंडी आणि प्राणिज पदार्थ घटक म्हणून असले तर अन्न मांसाहारी. अपवाद: दूध, दुधाचे पदार्थ, मध, मेण आणि लाख. लाख म्हणजे तीच, पळसावरच्या, बोरीवरच्या, कुसुमावरच्या किड्यांनी पाझरलेली. झारखंडात तिचं मोठं पीक निघतं, आपल्या गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातही निघतं, आणि रांचीला तिच्या अभ्यासाची संस्था १९२४ पासून आहे. फांदीवरून खरवडलेल्या लाखेत किडेही येतात. ती गाळून, शुद्ध करून चकाकणाऱ्या गोळ्यांवर आणि चॉकलेटच्या बटणांवर तिचा पातळ थर देतात. वेष्टनावर ती ९०४ या आकड्यात असते. त्या गोळीवर हिरवा ठिपका कायद्यानं बरोबर आहे. पण एखाद्या जैन आजीला ती चालेल का, हे तो ठिपका सांगत नाही. ९०४ वाचता आलं तरच कळेल. आत्यांना मी हे समजावलं. त्या थोडा वेळ विचार करत बसल्या आणि म्हणाल्या की लाखेच्या बांगड्या आपण घालतोच, पण खायला नको. त्यांचा नियम त्यांनी ठरवला. त्यांना आकडा ठाऊक झाला म्हणून ठरवता आला.

सगळ्यात अडचणीचा आकडा ४७१. फॅटी आम्लांचे मोनो आणि डायग्लिसराइड्स. टॉफी दाताला चिकटू नये, तेल आणि पाणी एकजीव राहावं म्हणून ते घालतात. पामतेलापासून होतं, सोयाबीनपासून होतं, जनावराच्या चरबीपासूनही होतं. आकडा तिन्हींचा एकच. भारतात हिरवा ठिपका असेल तर ते वनस्पतिज असलं पाहिजे. परदेशी पुडीवर मात्र नुसतं ४७१ लिहिलेलं असेल तर आपण अंधारात. १२० हा त्यापेक्षा सरळ: निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांचा लाल रंग. परदेशातून आलेल्या लालगुलाबी गोळ्यांवर तो शोधावा.

डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं या विषयावर एक आदेश दिला. एका गोरक्षक संस्थेची याचिका होती. न्यायालयानं म्हटलं की घटक नुसत्या सांकेतिक आकड्यानं सांगून भागणार नाही. तो वनस्पतीपासून आहे, प्राण्यापासून आहे की प्रयोगशाळेत केलेला आहे, हे उघड करावं लागेल. आणि प्राणिज अंश कितीही थोडा असला तरी पदार्थ मांसाहारीच. आपण काय खातो हे कळण्याचा हक्क नागरिकाला आहे, हा त्या आदेशाचा गाभा. मला तो माझ्या आत्यांच्या वाक्याचा कायद्याच्या भाषेतला अनुवाद वाटतो.

हे सगळं पुडीतल्या मालाबद्दल झालं. काचेच्या कपाटातल्या सुट्या मिठाईला ठिपका नसतो. लखनौ छावणीचा सदर बाजार गोडासाठी प्रसिद्ध आहे. 'छप्पन भोग'सारख्या दुकानांत दिवाळीच्या आधी पाय ठेवायला जागा नसते. काजूच्या, पिस्त्याच्या, बेसनाच्या वड्या, शहरातून आलेली मलई गिलौरी, सगळं ओळीनं मांडलेलं. ऑक्टोबर २०२० मध्ये सुट्या मिठाईपुढे ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणं सक्तीचं झालं, ती पाटी दिसते. दूध, साखर, तूप, सुकामेवा: आत काही दडलेलं नाही. प्रश्न वरच्या चांदीचा आहे.

वर्ख. चांदीचा लहान तुकडा झिल्लीच्या दोन पानांमध्ये ठेवायचा. अशी पानांमागून पानं रचून त्यांची वही करायची, ती चामड्याच्या पिशवीत घालायची आणि दगडावर ठेवून हातोडीनं तासन्तास कुटायची. चांदी पसरत पसरत इतकी पातळ होते की श्वासानं उडते. ती पानं पारंपरिक पद्धतीत बैलाच्या किंवा गाईच्या आतड्याच्या पापुद्र्याची असतात. कारण साधं आहे: एवढे घाव सोसून न फाटणारं आणि चांदीला न चिकटणारं दुसरं काही त्या कारागिरांकडे नव्हतं. लखनौच्या जुन्या चौकात वर्ख कुटणाऱ्यांच्या ठोक्यांचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या घुमलेला आहे. हे कष्टाचं, खांदे मोडणारं काम आहे आणि ते करणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. वर्खात घटक म्हणून फक्त चांदी असते. पण ती पापुद्र्यातून आलेली असते, आणि जैन मंदिरांत मूर्तीच्या आंगीवर चढणारा वर्ख असा बनतो हे कळल्यावर कित्येक जैन कुटुंबांनी तो सोडला. आता यंत्रावर, खास कागदात किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यात कुटलेला वर्खही मिळतो. २०१६ साली केंद्र सरकारनं राजपत्रात वर्खाचं मानक काढलं, त्यात वर्ख करताना कुठल्याही टप्प्यावर प्राणिज वस्तू वापरू नये असं म्हटलं होतं. तरी काउंटरवर उभं राहून दोन वर्ख शेजारी ठेवले तर कुठला झिल्लीतला आणि कुठला कागदातला, हे डोळ्यांना कळत नाही. दुकानदार वर्ख विकत घेतो. त्यालाही ते विचारूनच कळतं.

या चांदीशी आपला एक धागा आहे आणि तो मराठी वाचकांना सांगायलाच हवा. सांगलीच्या विटा-खानापूर-आटपाडीचे, आमच्या माण-खटावचे लोक दुष्काळानं गाव सोडून देशभरच्या सराफ बाजारांत गेले आणि सोनं-चांदी गाळण्याचा, गलाईचा धंदा त्यांनी उभा केला. उत्तरेतल्या कुठल्याही शहराच्या सराफ्यात जा, एखाद्या बोळात भट्टीजवळ घामाघूम झालेला माणूस तुम्हाला माणदेशी मराठीत चहा विचारेल. लखनौच्या चौकातही आहेत. भातखंड्यांनी १९२६ साली या शहरात संगीताचं मॅरिस कॉलेज उभं करायला हातभार लावला ते आपण अभिमानानं सांगतो. त्या भट्टीवाल्यांचं कुणी सांगत नाही. दागिन्यांची मोड आणि कारागिराच्या खोलीतली झाडलोट तेजाबात आणि भट्टीत शुद्ध करून ते पुन्हा चोख चांदी देतात. वर्खाला लागते ती अशीच चोख.

आत्यांच्या माहेरच्या नात्यातला एक भाचा असा चौकात आहे. संक्रांतीच्या आधी तो आत्यांना भेटायला आला. हातात मिठाईचा डबा, वर वर्ख चमकत होता.

"आत्ती, ही चांदी आपल्याच लोकांनी गाळलेली असंल बघ," तो आनंदानं म्हणाला.

आत्यांनी त्याला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला, चहा झाला का विचारलं. मग म्हणाल्या, "गाळली तू. कुटली कशात?"

त्याला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं चांदीत काढलेला माणूस. आपल्या भट्टीतून चांदी गेल्यावर ती कुठल्या पानांत शिरते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो गप्प झाला. डबा टेबलावर तसाच राहिला, मुलानं आणि मी तो खाल्ला.

संक्रांतीपर्यंतच्या मधल्या दोन दिवसांत मी रेवडी केली, म्हणजे करून बघितली. लखनौची रेवडी चारबाग स्टेशनवर डब्यांनी विकली जाते. तिच्यात लपवण्यासारखं काहीच नाही. साखरेचा किंवा गुळाचा पाक गोळीबंद होईपर्यंत आटवायचा, थोडा निवला की खुंटीला अडकवून ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. ओढण्यानं पाकात बारीक हवा शिरते आणि तो मोत्यासारखा पांढरा होतो. कसलंही पांढरं करणारं द्रव्य लागत नाही. मग तुकडे करून भाजलेल्या तिळात दाबायचे, केवड्याचा किंवा वेलचीचा वास. माझा पाक खुंटीवर दोनदा तुटला. आत्यांनी हाताला तूप लावून तो माझ्याकडून घेतला आणि गुढीपाडव्याच्या गाठी करणाऱ्यांबद्दल बोलत बोलत ओढायला लागल्या.

साखर नुसती आटवून कडक केली की तिला धरून ठेवायला जिलेटिन लागत नाही. दीडशे अंशांच्या आसपास पाक काचेसारखा होतो. म्हणूनच आपल्या लहानपणच्या कडक गोळ्या, बरणीतून सुट्या मिळणाऱ्या, माळकऱ्याच्या घरात निर्धास्त चालायच्या. रावळगावची गोळी त्यांतलीच. वालचंद हिराचंद, सोलापूरच्या जैन घराण्यातले उद्योजक. त्यांनी मालेगाव तालुक्यातल्या रावळगावात १९३३ साली साखर कारखाना उभा केला आणि पुढे त्याच गावाच्या नावाच्या गोळ्या देशभर गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या गोळ्यांच्या नावांचे हक्क सत्तावीस कोटींना रिलायन्सकडे गेले. छावणीतल्या कॅन्टीनमधून मी त्यातली एक पुडी आणली तेव्हा आत्यांनी उलटी करून माझ्याकडे दिली. आता त्या स्वतः वाचत नाहीत. माझ्याकडे देतात आणि थांबतात. साखर, ग्लुकोज सिरप, आम्लता नियंत्रक, स्वाद, रंग. हिरवा ठिपका. मी पूर्ण वाचून सांगितलं, मग त्यांनी कागद सोडला.

संक्रांतीच्या दिवशी तो भाचा पुन्हा आला. इथे त्या दिवसाला खिचडी म्हणतात. सकाळपासून शेजारून उडदाच्या खिचडीची ताटं येत होती. त्याच्या हातात पुन्हा डबा होता, त्याच वड्यांचा. वर चांदी नव्हती.

"मिठाईवाल्याला इचारलं," तो म्हणाला. "तो म्हणाला, वर्खवाल्याला इचारा. वर्खवाल्याकडं गेलो. त्याच्याकडं दोन्ही परकारचा असतो. ह्या डब्यावर कुठला होता ते आता सांगता येत न्हाई म्हणाला. म्हणून बिनवर्खाची करून घेतली, माझ्यासमोर."

आत्यांनी डबा उघडला. वडीचा एक कोपरा मोडून नातवाच्या हातावर ठेवला, एक भाच्याला दिला, आणि मग तिसरा स्वतः तोंडात टाकला.